सूडपटाची लांब प्रत, दोन मशिने आणि एक दुपारचा खेळ: मराठवाड्यातील एका प्रदर्शनाचे प्रकरण

परभणी आणि नांदेड यांच्या दरम्यान रेल्वेमार्गावर असलेल्या एका गावात, अजूनही चालू असलेल्या जुन्या एकपडदा चित्रपटगृहात, १९८० च्या दशकातील एका हिंदी सूडपटाची लांब आवृत्ती ३५ मिमी फिल्मवर दाखवण्यात आली. खेळ रविवारी दुपारी बारा वाजता सुरू झाला आणि चारच्या सुमारास संपला. या प्रकरणाची नोंद येथे सविस्तर केली आहे, कारण अशा प्रदर्शनाबद्दल बोलताना सगळी चर्चा प्रेक्षकांच्या आठवणींवर आणि शिट्ट्यांवर घसरते. खेळ झाला तो कसा झाला, कोणत्या कागदांच्या आधारे झाला आणि पडद्यावर नेमके काय दिसले, याची मांडणी क्वचितच होते. संबंधितांच्या विनंतीवरून गाव, चित्रपटगृह आणि चित्रपट यांची नावे दिलेली नाहीत. आयोजन स्थानिक महाविद्यालयातील काही प्राध्यापक आणि गावातील हौशी चित्रपटप्रेमींच्या एका अनौपचारिक गटाने केले होते.

लांब आवृत्ती म्हणजे काय, हा प्रश्न आधी सोडवणे भाग आहे. एखादा चित्रपट आपल्याला माहीत असलेल्या रूपापेक्षा लांब आढळतो, त्यामागे कारणे वेगवेगळी असतात. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात प्रदर्शित झाला, तेव्हा सेन्सॉरच्या आग्रहामुळे त्याचा शेवट बदलावा लागला होता. ठाकूर गब्बरला स्वतः ठार मारतो तो मूळ शेवट काढून तेथे पोलीस येऊन थांबवतात असा शेवट घालण्यात आला. तो मूळ शेवट असलेली पुनर्संचयित आवृत्ती २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली. येथे लांबीचा प्रश्न दुय्यम होता आणि राज्यसत्तेच्या भीतीचा प्रश्न मुख्य होता. दुसरे उदाहरण अमेरिकेतील 'किल बिल'चे आहे. एकच सूडकथा म्हणून चित्रित झालेला हा चित्रपट २००३ आणि २००४ मध्ये दोन भागांत आला आणि दोन्ही भाग जोडलेली, काही दृश्ये वाढलेली आवृत्ती २०२५ च्या डिसेंबरमध्ये तिकडच्या काही चित्रपटगृहांत ३५ आणि ७० मिमी फिल्मवर लागली. तेथे लांबी व्यापारी सोयीसाठी दुभंगली गेली होती. आपल्या प्रकरणातील कारण या दोन्हींपेक्षा साधे आहे आणि ग्रामीण भागात ते सर्वाधिक घडलेले आहे: चित्रपट पहिल्या आठवड्यात पूर्ण लांबीचा होता, आणि बारा, तीन, सहा, नऊ या चार खेळांच्या वेळापत्रकात तो बसेना म्हणून वितरकांच्या सूचनेवरून कापला गेला.

ही कापणी कशी होत असे, हे आजच्या वाचकाला सांगणे आवश्यक आहे. निर्मात्याच्या कार्यालयातून किंवा वितरकाच्या माणसाकडून एक यादी येत असे आणि त्यात अमुक रिळातील अमुक संवादापासून अमुक संवादापर्यंतचा भाग काढावा, असे लिहिलेले असे. ऑपरेटर गुंडाळणीच्या टेबलावर रीळ चढवून तो तुकडा कापत असे आणि उरलेली टोके सिमेंटने, म्हणजे फिल्म चिकटवण्याच्या द्रावणाने, जोडत असे. कापलेले तुकडे परत पाठवायचे असत, पण ते नेहमीच परत जात नसत. मराठवाड्याची एक विशेष परिस्थिती येथे लक्षात घ्यावी लागते. चित्रपट वितरणाच्या नकाशात मराठवाड्याचे जिल्हे मुंबई विभागात मोडत नाहीत. तेलंगण आणि कर्नाटकाच्या काही भागासह ते 'निजाम' विभागात गणले जातात. राजकीयदृष्ट्या १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली, पण वितरणाच्या व्यवहारात त्याचे नाव आजही टिकून आहे. त्यामुळे येथे येणाऱ्या पेट्या हैदराबादहून येत, मुंबईहून नव्हे, आणि कापणीच्या सूचनाही त्याच वाटेने, पुष्कळदा उशिरा येत. या प्रकरणात कापलेले तुकडे ज्या उपवितरकाच्या गोदामात सापडले, त्याचा व्यवहार हैदराबादशीच होता.

साहित्य दोन ठिकाणांहून जमले. एका खासगी संग्राहकाकडे या चित्रपटाची पुनःप्रदर्शनाच्या वेळी काढलेली छोटी प्रत होती. तिचे रंग चांगले होते आणि ओरखडे कमी होते. दुसरीकडे, वर सांगितलेल्या गोदामातून चार पत्र्याच्या डब्यांत गुंडाळलेले तुकडे मिळाले, जे पहिल्या प्रदर्शनाच्या प्रतीतून कापलेले होते. गावातील आयोजकांना सुरुवातीला वाटले की हे तुकडे म्हणजे निर्मात्याने कधीच न दाखवलेला भाग आहे आणि तशी जाहिरात करण्याची तयारीही सुरू झाली होती. मापे घेतल्यावर चित्र बदलले.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी या गतीने मिनिटाला ९० फूट फिल्म मशीनमधून जाते. या एका हिशेबावर सगळे प्रकरण उलगडते. संग्राहकाची प्रत सुमारे ४,६०९ मीटर भरली, म्हणजे १६८ मिनिटे. दहा मिनिटांच्या मध्यंतरासह हा खेळ तीन तासांच्या खाचेत नेमका बसतो, आणि कापणीचे प्रयोजन तेवढेच होते. चित्रपटाच्या सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत मिळवली तेव्हा त्यावर लांबी ५,६२४ मीटर लिहिलेली आढळली, म्हणजे २०५ मिनिटे. याचा अर्थ ज्याला आयोजक 'वाढीव आवृत्ती' म्हणत होते ती वाढीव नव्हतीच. तीच मूळ, प्रमाणित आवृत्ती होती, आणि आजवर टीव्हीवर व इतरत्र पाहिलेली प्रत ही तिचे छाटलेले रूप होते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा शोध हाच आहे, आणि तो कोणा समीक्षकाने लावला नसून फूटपट्टीने लावला आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही या मापाला वजन होते. १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार प्रमाणित चित्रपटात नंतर भर घातली किंवा काही वगळले, तर ते सेन्सॉर मंडळाला कळवून प्रमाणपत्रावर त्याची नोंद करून घ्यावी लागते, आणि प्रमाणित नसलेले किंवा प्रमाणपत्रानंतर फेरफार केलेले रूप सार्वजनिकरीत्या दाखवणे हा गुन्हा आहे. जोडलेले तुकडे प्रमाणित लांबीच्या बाहेरचे असते, तर हा खेळ होऊच शकला नसता. ते आतले आहेत, हे केवळ लांबीवरून सिद्ध होत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यातील संवाद त्या काळी चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेतील कथासाराशी आणि गोदामात सापडलेल्या कापणीच्या यादीशी ताडून पाहिले गेले. प्रमाणपत्राच्या मुदतीचा एक जुना प्रश्न होता, कारण मूळ कायद्यात ते दहा वर्षांसाठी वैध मानले जाई. २०२३ च्या दुरुस्तीने ते कायमस्वरूपी वैध ठरवले आहे. राहिला हक्काचा प्रश्न. फिल्मची प्रत बाळगणे आणि ती तिकीट लावून दाखवण्याचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संग्राहकाला समजावून सांगावे लागले. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९८० च्या दशकातील प्रत्येक चित्रपट आजही हक्काच्या कक्षेत आहे. आयोजकांनी सध्याच्या हक्कधारकाची लेखी परवानगी घेतली आणि एकाच खेळासाठी ठरावीक भाडे दिले. या पत्रव्यवहारातच सर्वाधिक वेळ गेला, पण त्यात सांगण्याजोगे फारसे नाही.

चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र होते. ही बाब तिकीटबारीवर अडचणीची ठरली, कारण गावात सिनेमा म्हणजे कुटुंबाने जाण्याची गोष्ट आहे आणि ज्यांनी हा चित्रपट तरुणपणी पाहिला होता, ते नातवंडांना घेऊन आले होते. अठरा वर्षांखालील कोणालाही आत सोडले नाही. काही कुटुंबे परत गेली आणि आयोजकांवर रागावली. एका आजोबांनी दारावरच्या माणसाला सुनावले की आम्ही हाच सिनेमा अकराव्या वर्षी पिटात बसून पाहिला होता. ते खरे असणार, पण त्यातून आजच्या आयोजकाला सूट मिळत नाही.

केबिनमधले प्रश्न

आता मूळ विषयाकडे, म्हणजे प्रक्षेपणाकडे. येथील बहुतेक चित्रपटगृहांनी २०१० च्या आसपासच्या काही वर्षांत उपग्रहाद्वारे किंवा हार्ड डिस्कवरून येणारे डिजिटल प्रक्षेपण स्वीकारले आणि फिल्मची मशिने भंगारात गेली. या चित्रपटगृहात दोनपैकी एक मशीन उरले होते, कारण ते कोपऱ्यात होते आणि बाहेर काढायला भिंत फोडावी लागली असती. एकाच मशीनवर खेळ करणे अशक्य नव्हते. जत्रेतल्या तंबूत, माळेगावच्या यात्रेत किंवा आठवडी बाजाराच्या गावी फिरती टॉकीज एकाच मशीनवर चालत असे. रीळ संपले की दिवे लागत, लोक बिडी ओढत आणि पुढचे रीळ चढले की पुन्हा बसत. परंतु दहा दुहेरी, म्हणजे प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांच्या, रिळांच्या चित्रपटात असे नऊ थांबे आले असते आणि प्रत्येक थांबा तीन-चार मिनिटांचा धरला, तरी सुमारे अर्धा तास प्रेक्षक उजेडात बसला असता. सूडकथेत ताण साचावा लागतो. तो नऊ वेळा ओतून दिला तर शेवटी उरत नाही. दुसरे मशीन हवेच, हा आग्रह ऑपरेटरचा होता आणि तो योग्य होता.

हे ऑपरेटर सत्तरीच्या पुढचे आहेत आणि गावात सगळे त्यांना मामा म्हणतात. १९७० च्या दशकात ते कार्बनच्या कांड्यांमधल्या विजेच्या ज्योतीवर चालणाऱ्या मशीनवर शिकले, नंतर झेनॉन वायूच्या दिव्यावर काम केले, आणि डिजिटल आल्यावर काही वर्षे त्याच चित्रपटगृहात डोअरकीपर झाले. शेजारच्या तालुक्यातील बंद पडलेल्या चित्रपटगृहातून दुसरे मशीन आणले गेले, तेव्हा त्यात अजून कार्बनचा दिवा होता आणि गावातल्या मशीनमध्ये झेनॉन. आयोजकांना यात काही वावगे वाटले नाही. दोन्ही मशिने चालत होती. मामा म्हणाले, "आधी दोन्ही मशीनचा उजेड एक करा, मग खेळाचं बोला." कार्बनचा उजेड पिवळसर आणि झेनॉनचा निळसर पांढरा असतो, दर वीस मिनिटांनी पडद्याचा रंग बदलला असता, तर चित्रपट विनाकारण दोन तुकड्यांत विभागला गेला असता. शेवटी एका जुन्या केबिनमधून झेनॉनचे दीपगृह (दिव्याची पेटी) आणि त्याला एकदिश वीज पुरवणारा रेक्टिफायर मिळवून दुसऱ्या मशीनवर बसवण्यात आले. झेनॉन दिव्यात वायू मोठ्या दाबाखाली असतो आणि हाताळताना तो फुटू शकतो, म्हणून चेहऱ्यावर ढाल आणि हातमोजे घालूनच तो बसवावा लागतो. हे काम मामांनी स्वतः केले आणि त्या वेळी केबिनमध्ये दुसऱ्या कोणालाही उभे राहू दिले नाही.

सर्वांत नाजूक निर्णय तुकडे जोडण्याचा होता. संग्राहकाची प्रत अखंड आणि चांगल्या अवस्थेत होती, आणि लांब आवृत्ती उभी करायची तर ती ठिकठिकाणी कापून मध्ये जुने तुकडे घालणे अटळ होते. संग्राहकाचा विरोध समजण्यासारखा आहे: एका संपूर्ण प्रतीचे नुकसान करून दुसरी तयार करायची का? सिमेंटच्या जोडासाठी फिल्मची टोके खरवडून एकमेकांवर चढवावी लागतात, त्यामुळे प्रत्येक जोडात निदान एक चौकट जाते आणि जोड कायमचा होतो. पारदर्शक चिकटपट्टीच्या जोडात फिल्म दोन चौकटींमधल्या रेषेवर कापली जाते, टोकाला टोक भिडवून दोन्ही बाजूंनी पट्टी लावली जाते, एकही चौकट गमावली जात नाही आणि पट्टी नंतर काढता येते. खेळानंतर सर्व तुकडे काढून प्रत पूर्ववत जोडून द्यायची, या अटीवर संग्राहक तयार झाले. संग्रह आणि प्रदर्शन यांच्यातील ओढाताणीत अशी परत फिरण्याची वाट ठेवणे, हे मला या गटाचे सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. पट्टीच्या जोडाची एक जोखीम असते: उष्णतेने डिंक सुटून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या केबिनमध्ये त्याहूनही अधिक होतो, म्हणून खेळ जानेवारीत ठेवला गेला.

जोडल्यानंतर संपूर्ण प्रत मोजली तेव्हा ती ५,५४६ मीटर भरली. प्रमाणपत्रापेक्षा ७८ मीटर कमी, म्हणजे जवळपास तीन मिनिटे. ती कोठे गेली? काही अंश दोन्ही प्रतींच्या जुन्या सिमेंट जोडांत, काही रिळांच्या फाटलेल्या तोंडाशेपटांत, आणि उरलेला भाग कापणी करणाऱ्या त्या वेळच्या ऑपरेटरच्या कात्रीत. म्हणून जाहिरातीत 'संपूर्ण' हा शब्द वापरू नये, असा आग्रह गटातील एका प्राध्यापकांनी धरला आणि फलकावर 'उपलब्ध सर्वांत लांब प्रत' असे लिहिले गेले. तिकीटविक्रीला हे मारक ठरेल, अशी चित्रपटगृहाच्या मालकांची तक्रार होती. ती निराधार ठरली. बाल्कनी भरली आणि खाली मोजक्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

खेळ

दहा दुहेरी रिळे, त्यांच्यामधले नऊ सांधे. चित्रपटात छापलेली 'मध्यंतर'ची पाटी पाचव्या रिळाच्या शेवटी येते, म्हणजे तेथील सांधा आपोआप निकालात निघतो. दुसरा थांबा घ्यायचा की नाही, यावर मतभेद होते. प्रेक्षकांत वयस्कर लोक बरेच असणार आणि मामांना चार तास एकट्याने दोन मशिनांमध्ये उभे राहायचे, या दोन कारणांनी आठव्या रिळानंतर दहा मिनिटांचा थांबा ठरला. उरलेले सात बदल चालत्या खेळात करायचे होते. प्रतीवर रिळाच्या शेवटी, चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दोनदा खूण येते: पहिली खूण दिसली की दुसऱ्या मशीनची मोटार सुरू करायची, आणि सुमारे सात सेकंदांनंतर दुसरी दिसली की झडप बदलायची. पण तुकडे घातल्यामुळे रिळांची फेरआखणी झाली होती आणि काही सांध्यांवर छापील खूण आता भलत्याच जागी, रिळाच्या मध्ये येत होती. मामांनी प्रत्येक रिळाच्या शेवटच्या दृश्याचे वर्णन कागदावर लिहून मशीनला चिकटवले आणि शेवटच्या काही वेढ्यांआधी कागदाची पट्टी घातली. ती गळून पडली की त्यांनी खिडकीशी जाऊन उभे राहायचे. सातही बदल बिनचूक झाले आणि प्रेक्षागृहात कोणाला कळलेही नाहीत.

बारा वाजताची वेळ एसटीच्या गाड्या पाहून ठरवली होती. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांना सायंकाळच्या गाडीने परत जाता यावे, हा हेतू होता. रात्रीचा नऊचा खेळ ठेवला असता, तर वातावरण अधिक रंगले असते, पण शेवटच्या तीन रिळांना अर्धे सभागृह उठले असते.

पडद्यावर जे दिसले त्यात एक अनपेक्षित गोष्ट होती, आणि तिच्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या रंगीत प्रतींतील निळसर-हिरवा रंगद्रव्य-थर काळाबरोबर उडतो आणि चित्र गुलाबी-लाल पडते. पुढील काळातील प्रतींत ही झीज पुष्कळ कमी झाली. संग्राहकाची प्रत पुनःप्रदर्शनाची, म्हणून रंग शाबूत. गोदामातले तुकडे पहिल्या प्रतीचे, म्हणून लालसर. परिणामी छाटलेला प्रत्येक भाग पडद्यावर येताच ओळखू येत होता. हिरव्या शेतातून नायक चालत असतो आणि क्षणात ते शेत विटकरी होते. पहिल्या दोन-तीन वेळा प्रेक्षक चुळबुळले, मग त्यांना उमगले, आणि पुढे लाल रंग आला की मागून कोणीतरी "नवीन आलं" असे ओरडू लागले. सूडपटात लाल रंगाचा असा हिशेबी उपयोग कोणत्याही दिग्दर्शकाने केला नसेल. आवाजाचेही असेच. फिल्मवरचा ध्वनिपट्टा चित्राच्या २० चौकटी पुढे छापलेला असतो, कारण आवाज वाचणारा भाग मशीनमध्ये चित्राच्या खिडकीखाली असतो. त्यामुळे जोड आला की आधी चित्र बदलते आणि सुमारे पाऊण सेकंदाने आवाज. तेवढ्या वेळात नव्या दृश्यावर जुन्या दृश्याचा ओघळलेला शब्द ऐकू येतो. गाण्याच्या मध्ये आलेला एक जोड कानाला फारच बोचला.

छाटलेल्या सदतीस मिनिटांत काय होते? मारामारी जवळजवळ नव्हतीच. छाटणाऱ्यांनी पाठलाग, घोडे, बंदुका आणि दोन्ही मोठी नृत्यगीते राखली होती. गेले होते ते नायकाच्या वडिलांच्या जमिनीचा वाद, पटवाऱ्याच्या दफ्तरातील फेऱ्या, न्यायालयातील एक लांब प्रसंग, विधवा वहिनीचे घरातले दिवस आणि एक कव्वाली. छोट्या आवृत्तीत बाप मरतो आणि पुढच्याच रिळात मुलगा बंदूक उचलतो. लांब आवृत्तीत तो आधी अर्ज करतो, तारखा घेतो, साक्षीदार फुटताना पाहतो, आणि बंदूक हातात येईपर्यंत त्याच्या रागाला कागदांचा वास आलेला असतो. या प्रेक्षकांसमोर हा भाग विशेष चालला. कारकून फाइल उघडून "साहेब दौऱ्यावर गेलेत" म्हणतो, त्या वाक्याला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या खलनायकाच्या मृत्यूलाही पडल्या नाहीत. बांधावरून आणि सातबाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेल्या लोकांना त्या दफ्तरात काही परके वाटत नव्हते. मला असे वाटते की कापणीने चित्रपट वेगवान झाला, पण त्यातला सूड निष्कारण झाला. नायक छोट्या आवृत्तीत शूर दिसतो आणि लांब आवृत्तीत थकलेला, आणि थकलेला नायक अधिक भीतिदायक आहे.

याच कारणाने आठव्या रिळानंतरचा थांबा मला चुकीच्या जागी वाटला. सातव्या रिळाच्या शेवटी न्यायालयाचा निकाल विरुद्ध लागतो आणि वहिनी घर सोडते. कथा तेथे स्वतःहून श्वास घेते. आठवे रीळ पहिल्या खुनाने संपते. तेथे दिवे लावल्याने लोक चहाला बाहेर गेले ते पेटलेल्या अवस्थेत, आणि परतले ते शेंगदाणे खात. आयोजकांनी जागा निवडताना घड्याळ पाहिले होते. मामांना विचारले असते तर, त्यांनी नंतर मला सांगितले त्याप्रमाणे, त्यांनीही सातवेच रीळ सुचवले असते. मात्र त्यांचे कारण वेगळे होते: सातव्यानंतर थांबले असते तर गरम झालेल्या मशिनांना विसावा लवकर मिळाला असता.

सहाव्या रिळात वीज गेली. जनरेटर तयार होता, पण झेनॉनचा दिवा मामांनी लगेच पेटवला नाही. पंखा चालू ठेवून त्यांनी तो थोडा निवू दिला. पाच-सहा मिनिटे अंधारात गेली आणि त्या वेळात सभागृहातून संवाद म्हणण्याची चढाओढ लागली. जेथे पुरवठ्याचा भरवसा नाही, तेथे दिव्याचा आणि मोटारीचा भार सुरुवातीपासूनच जनरेटरवर ठेवावा. डिझेलचा खर्च वाढतो, पण थांबलेल्या मशीनच्या खिडकीत अडकून फिल्म जळण्याचा धोका टळतो. या काळातली अॅसिटेटची फिल्म त्याआधीच्या नायट्रेटच्या फिल्मसारखी भडकत नाही हे खरे, तरी दिव्यासमोर स्थिर राहिलेली चौकट वितळतेच. येथे सुरक्षा-झडप वेळेवर पडली आणि एकही चौकट गेली नाही.

खेळानंतर ठरल्याप्रमाणे सर्व पट्ट्या काढून संग्राहकाची प्रत पूर्ववत जोडण्यात आली. तुकड्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र बिकट झाला, कारण दोन डब्यांतून आंबट, सिरक्यासारखा वास येऊ लागला होता. अॅसिटेट कुजू लागल्याची ही खूण असते; ही क्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच वाढत जाते आणि बाहेर पडणारी वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागते. १९६४ मध्ये स्थापन झालेले आणि २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात समाविष्ट झालेले पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे त्यांचे स्वाभाविक ठिकाण आहे, आणि गटाने तसा प्रस्ताव ठेवला. उपवितरकाच्या घरच्यांची संमती अद्याप झालेली नाही. ही वस्तू हातातून गेली की तिची किंमतही जाईल, अशी त्यांची धारणा आहे. तोपर्यंत ते दोन डबे इतरांपासून वेगळ्या खोलीत, झाकण सैल ठेवून, हवेशीर ठेवले आहेत. प्रत्येक डब्यावर मामांच्या अक्षरात तुकड्याचा क्रमांक, मीटरमधील लांबी, पहिल्या आणि शेवटच्या चौकटीतील दृश्य आणि तो छोट्या प्रतीच्या कोणत्या जोडाशी येतो, याची चिठ्ठी डकवली आहे. उद्या कोणी या चित्रपटाचे डिजिटल पुनर्संचयन करायला घेतले, तर छापील प्रमाणपत्रानंतर त्याला आधाराला घेता येईल असा एवढाच कागद आहे.